जीटी३५० चा तडकलेला ब्लॉक आणि लागुना सेकाचा दुसरा टर्न : एक प्रकरण अभ्यास

माणसांची नावं काढली आहेत, क्लबचं नाव लिहीत नाही, आणि ज्यानं गाडी ओळखू येईल असे एकदोन तपशील मुद्दाम गाळलेत. बाकी जसं घडलं तसं आहे. यातली एक मोठी चूक माझीच आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

मी कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो, आठवडाभर सॉफ्टवेअर, आणि शनिवार-रविवार जमेल तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या गॅरेजात फुकट हमाली. वय चौऱ्याहत्तर. त्यांना इथे मालक म्हणतो. त्यांच्याकडे १९६५ ची शेल्बी जीटी३५० आहे, पांढरी, आणि ती शोभेची नाही, रेसला जाते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६४ साली फोर्डची मस्टँग आली, विकली धबाधब, पण लोक म्हणायचे ही पोरीबाळींची गाडी. फोर्डला तिला रेसिंगची इज्जत पाहिजे होती म्हणून रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीकडे गेले. आता एससीसीए, म्हणजे अमेरिकेतला स्पोर्ट्स कार क्लब, त्यांच्या नियमात स्पोर्ट्स कार म्हणजे दोन सीटची गाडी, आणि मस्टँगला तर चार सीट. मग शेल्बीच्या माणसांनी मागची सीटच काढून टाकली आणि तिथं फायबरग्लासचा कप्पा टाकून त्यावर स्टेपनी ठेवली, झाली स्पोर्ट्स कार! मला हा किस्सा भयंकर आवडतो, आपल्याकडच्या आरटीओला शोभेल असा. १ जानेवारी १९६५ च्या आत शंभर गाड्या तयार दाखवायच्या होत्या, त्या दाखवल्या. २८९ क्युबिक इंचाचं म्हणजे ४.७ लिटरचं व्ही८, ३०६ हॉर्सपॉवर, मागं डेट्रॉइट लॉकर डिफरन्शियल, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारं, जे पार्किंगमध्ये वळवताना असं खाडखाड वाजतं की नवीन माणसाला वाटतं एक्सल तुटला. १४ फेब्रुवारी १९६५ ला टेक्सासच्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर शेल्बीचा ड्रायव्हर केन माइल्स यानं पहिलीच रेस जिंकून दिली आणि मग १९६५, ६६, ६७ अशी तीन वर्षं एससीसीएच्या बी प्रॉडक्शन गटाची नॅशनल चॅम्पियनशिप जीटी३५० कडेच. पहिल्या वर्षी एकूण ५६२ बनल्या, त्यातल्या खास रेसच्या आर मॉडेल तीन डझनाच्या आसपास. माइल्सनं चालवलेली ती ५आर००२ नंबरची गाडी २०२० च्या लिलावात साडेअडतीस लाख डॉलरला गेली.

मालकांची गाडी आर मॉडेल नाही. रस्त्यावरची म्हणून विकली गेली, मग साठच्या दशकाच्या शेवटी कुणीतरी पिंजरा-बिंजरा लावून तिला रेसला लावली, मग ती बरीच वर्षं कुणाच्या तरी शेडमध्ये पडून होती, तिथून मालकांनी ऐंशीच्या दशकात उचलली. तरी आजच्या बाजारात काही लाख डॉलरचा माल आहे आणि तिची खरी किंमत एका गोष्टीत : इंजिनचा ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असतात तो ओतीव सांगाडा, मूळचा. त्यावर याच गाडीचा नंबर ठोकलेला. रेसच्या गाडीत हे जवळपास नसतंच, कारण त्या काळी इंजिन फुटलं की दुसरं टाकायचे आणि जुनं भंगारात. कागद, जुने फोटो, लॉगबुक सगळं आहे, या धंद्यात बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असाच प्रकार असतो.

टीम म्हणजे मालक, त्यांची मुलगी (चाळिशीची, तिचंही रेसिंग लायसन आहे आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा बरी चालवते), एक मेकॅनिक जो आयुष्यभर फोर्डची इंजिनंच उघडत आलाय, आणि मी. माझं काम टायरचं प्रेशर, पेट्रोल, पाने पुसणे आणि चेकलिस्ट. चेकलिस्ट लक्षात ठेवा.

अडचण

कॅलिफोर्नियातल्याच लागुना सेका ट्रॅकवर क्लबचा, म्हणजे जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज रेसिंगचा, वीकेंड नऊ आठवड्यांवर होता. गाडी आठ महिने उभी होती. चालू केली तर पांढरा धूर, पाणी कमी व्हायला लागलं, डिपस्टिक काढली तर ऑईल दुधाच्या चहासारखं. सगळ्यांनी म्हटलं हेड गॅस्केट. गॅस्केट बदललं, लीकडाऊन टेस्ट केली, सातव्या सिलेंडरला हवा दिली की रेडिएटरमध्ये बुडबुडे तसेच. मग इंजिन उतरवलं, मशीन शॉपला नेलं. सिलेंडरच्या भिंतीला उभा तडा, पाण्याच्या जॅकेटपर्यंत.

मूळ बोअर ४ इंच. कुणीतरी पूर्वी साठ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज बोअर मारून ठेवलेलं, आणि या ब्लॉकला तेवढं म्हणजे अगदी काठावर. कास्टिंग करताना आतला साचा जरा सरकलेला असला की एका बाजूची भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूची पातळ राहते, सोनिक टेस्टरनं मोजलं तर नेमकं तेच, आणि शेजारचा एक सिलेंडरही त्याच बाजूला पातळ. म्हणजे आज सातवा गेला, उद्या आठवा.

मालक त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, फक्त ब्लॉकवर नंबर होता तिथं अंगठा फिरवत बसले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, मूळ ब्लॉकलाच स्लीव्ह, म्हणजे सिलेंडरच्या आत नवी नळी, टाकायची आणि त्यावरच पळायचं. वेळेत होणारं काम, नंबर शाबूत. पण रेसमध्ये एखादा कनेक्टिंग रॉड तुटून बाजूनं बाहेर आला तर नंबरसकट ब्लॉक कायमचा गेला. मालक मनातून याच बाजूला होते. त्यांचं म्हणणं गाडी ज्या इंजिनानं पळाली त्याच इंजिनानं पळाली पाहिजे, नाहीतर मग मी चालवतोय ते काय.

दुसरा, त्याच काळातला साधा २८९ चा ब्लॉक शोधायचा, कुठल्याही जुन्या मस्टँगमधला. हाय-परफॉर्मन्स इंजिनाचा ब्लॉक कास्टिंगनं जवळपास तोच, फरक मुख्यतः मेन बेअरिंगच्या जाड कॅप, क्रँक, डॅम्पर, हेड आणि सॉलिड लिफ्टर यांत. म्हणजे आतला सगळा माल आपला, डबा दुसऱ्याचा. आपल्या कॅप दुसऱ्या ब्लॉकला लावायच्या तर लाइन होनिंग, म्हणजे बेअरिंगची भोकं एका रेषेत घासून घेणं, करावं लागतं, तो खर्च वेगळा.

तिसरा पर्याय मेकॅनिकचा लाडका. आजकाल नव्यानं ओतलेले जाडजूड ब्लॉक मिळतात, बाहेरून रंग मारला की कुणाच्या बापाला कळत नाही, फुटायची भीती नाही आणि आत लांब स्ट्रोकचा क्रँक बसवला तर ३४७ क्युबिक इंचापर्यंत जाता येतं. तो म्हणाला, "ग्रिडवर निम्म्या लोकांनी तेच केलंय." निम्म्या का ते मला माहीत नाही, पण काहींनी केलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि सरळावर कोण किती पळतंय यावरून कळतंही. नियम क्लबाक्लबात वेगळे, कुठं नवा ब्लॉक चालतो, कुठं नाही, पण क्षमता वाढवलेली कुठंच उघडपणे सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

चौथा मुलीचा : या वर्षी जायचंच नाही. ब्लॉकचं निवांत बघू, घाई कशाला. आणि हळूच तिनं जोडलं की नाहीतर गाडी नुसती परेड लॅपला काढ, डॅड, तू चौऱ्याहत्तर वर्षांचा आहेस. यावर गॅरेजात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मालकांनी विषय बदलला आणि आम्ही तिघांनी तो बदलू दिला. हा खरं तर पहिला डिसिजन पॉइंट होता पण त्या वेळी तो कुणी मोजला नाही.

हुबेहूब नक्कल बनवून तीच पळवायची आणि अस्सल घरी ठेवायची, असंही बरेच लोक करतात. मालकांनी ते वाक्य पूर्णसुद्धा होऊ दिलं नाही.

काय ठरलं

दुसरा पर्याय. ठरायला बारा दिवस गेले आणि ते बारा दिवस आम्हाला पुढे महागात पडले. शेवटी निर्णय झाला तो मुलीच्या एका प्रश्नानं, की मूळ ब्लॉक फुटला तर तुला गाडी गेल्याचं दुःख होईल की नंबर गेल्याचं. मालक म्हणाले दोन्ही. ती म्हणाली मग त्याला बाहेर काढून ठेव.

१९६० च्या दशकातलाच एक २८९ ब्लॉक मिळाला, मापात भरला, सोनिक टेस्टला पास झाला, फक्त तीस थाऊ बोअर मारून भागलं. मालकांची एकच अट होती, की हे लपवायचं नाही. लॉगबुकात लिहायचं, क्लबला एंट्रीबरोबर कळवायचं. मेकॅनिक कुरकुरला पण कळवलं, क्लबचं उत्तर एका ओळीचं, काही हरकत नाही. मला हा भाग सगळ्यात जास्त पटला. व्हिंटेज रेसिंगला बक्षीस नसतं, फार तर एखादा चषक किंवा कॉफीमग, तर खोटं कुणासाठी बोलायचं.

दुसरा वाद आरपीएमचा. मालकांना ७,००० पाहिजे, मेकॅनिकला ६,२००. तह ६,५०० वर झाला. टॅकोमीटरला टेल-टेल काटा आहे, जास्तीत जास्त जिथं जातो तिथं अडकून राहतो, म्हणजे चोरी पकडली जाते.

बारा दिवस गेले असल्यामुळं इंजिन गाडीत बसलं ते वीकेंडच्या फक्त दहा दिवस आधी. मधे सोनोमाच्या ट्रॅकवर एक प्रॅक्टिसचा दिवस मिळाला. तिथं नवीन रिंगा-बेअरिंगा बसाव्यात म्हणून ५,५०० च्या वर जायचं नाही असं ठरलं, आम्ही तिघंही नुसते ऑईल प्रेशर, पाण्याचं टेंपरेचर आणि खाली कुठं थेंब पडतोय का एवढंच बघत होतो. दिवस थंड होता, ढग होते. इंजिन घड्याळासारखं चाललं. शेवटच्या सेशननंतर टेल-टेल बघितला तर काटा ६,१०० वर, मालक म्हणाले मागून कुणीतरी आलं होतं. असो.

घरी येऊन मी चेकलिस्ट भरली. चाकाचे नट, सीटच्या पट्ट्यांवरची तारीख, अग्निशामक, आणि ब्रेक. ब्रेकपुढं मी टिक केली. मी पॅड बघितले होते, भरपूर होते. ड्रमचं ॲडजस्टमेंट बघितलं होतं. ब्रेक ऑईल बघितलं नव्हतं. म्हणजे डबीत लेव्हल बघितली, बरोबर होती. ते कधी बदललंय हे लॉगबुकात लिहिलेलं होतं, अडीच वर्षांपूर्वीची तारीख, पान उलटायचा अवकाश होता.

ट्रॅकवर

इथं लागुना सेकाबद्दल थोडं लांबून सांगावं लागेल. ट्रॅक १९५७ चा. सगळ्यांना त्याचा कॉर्कस्क्रू माहीत असतो, आठवा टर्न, पाच मजले उतरल्यासारखी गाडी खाली पडते. पण जुन्या गाड्यांना खरी परीक्षा दुसऱ्या टर्नला असते. आणि गंमत अशी की साठच्या दशकात तो टर्न अस्तित्वातच नव्हता. तेव्हा ट्रॅक १.९ मैलांचा होता, सरळावरून आलात की वेगातच डावीकडं वळत पुढं जायचात. १९८८ मध्ये मोटरसायकलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी ट्रॅक लांब करायचा होता म्हणून मधल्या तळ्याकडच्या बाजूला नवीन भाग जोडला, आज ट्रॅक २.२३८ मैल म्हणजे ३.६ किलोमीटर आहे, आणि वेगात घ्यायच्या वळणाच्या जागी आला उतारावरचा हेअरपिन. म्हणजे १९६५ ची गाडी, पुढे डिस्क, मागे ड्रम, सव्वा टनाच्या वर वजन, तिला आज तिथं जेवढा ब्रेक मारावा लागतो तेवढा त्या ट्रॅकवर तिच्या तरुणपणी त्या जागी कधी मारावाच लागला नव्हता. आम्ही "पिरियड करेक्ट", म्हणजे त्या काळाला धरून, या शब्दावर बारा दिवस भांडलो आणि ट्रॅक पिरियड करेक्ट नाही हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शनिवारी सकाळचं दुसरं सेशन. ऊन चांगलं. ग्रुपमध्ये कॉर्व्हेट, ई-टाइप जॅग्वार, दोनतीन मस्टँग. मालक जोशात होते, इंजिन मस्त खेचत होतं. तिसऱ्या लॅपला त्यांना पेडल जरा मऊ लागलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्यांना वाटलं पॅड तापले, निवतील. आत यायला पाहिजे होतं. दुसरा डिसिजन पॉइंट तो, आणि तो हेल्मेटच्या आत एकट्या माणसानं अर्ध्या सेकंदात घ्यायचा होता, त्यामुळं मी त्यांना फार दोष देत नाही.

चौथ्या लॅपला पहिल्या टर्नच्या चढावरून पलीकडं उतरले आणि पेडल सरळ खाली बसलं. जुनं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी पिऊन बसतं. डॉट ४ चं ऑईल नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी शिरलेलं असेल तर ती हमी १५५ अंशांवर येते, आणि उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, पॅड ढकललेच जात नाहीत. मालकांनी पेडलला धडाधड पंप मारला, तिसऱ्यांदा पकड आली, मागची चाकं लॉक झाली, गाडी आतल्या बाजूनं घसरत गेली आणि वळत असलेल्या कॉर्व्हेटच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला आमचा पुढचा उजवा फेंडर लागला. व्हिडिओत मोजलं तर सगळं मिळून चार सेकंद. कॉर्व्हेटचा फायबरग्लास, त्याचा तळहाताएवढा तुकडा उडाला. दोघंही आपापल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, पिटमध्ये आले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्यानंतरचा अर्धा तास

मी सगळ्यात जास्त शिकलो तो इथं. अमेरिकेतल्या बऱ्याच व्हिंटेज क्लबांत तेरा-तेरा म्हणून नियम असतो. ज्याच्या चुकीनं धक्का लागला तो त्या वीकेंडपुरता बाहेर आणि पुढचे तेरा महिने प्रोबेशनवर, त्या काळात परत काही केलं तर तेरा महिने बंदी. तेरा का, तर बारा केले असते तर पुढच्या वर्षीच्या त्याच रेसला माणूस परत हजर झाला असता. नियम कडक आहे पण त्याशिवाय लाखो डॉलरच्या गाड्या कुणी एकमेकांशेजारी पळवणार नाही.

मेकॅनिक म्हणाला सांगू की मेकॅनिकल फेल्युअर झालं, ड्रायव्हरची चूक नाही. तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं. मालकांनी हेल्मेट काढलं, पाणी प्यायले, आणि बोलावणं यायच्या आधीच स्वतः उठून स्टुअर्डकडं, म्हणजे रेसच्या पंचांकडं, चालत गेले, मीही मागोमाग. त्यांनी सांगितलं की पेडल आधीच्या लॅपला मऊ झालं होतं आणि मी आत आलो नाही. एवढंच. कॅमेऱ्यात पेडल दिसत नाही, हे त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. स्टुअर्ड म्हणाले गाडी नीट तयार करून आणणं हीसुद्धा तुमचीच जबाबदारी. तेरा महिने.

तिथून बाहेर येताना मी त्यांना लॉगबुकातल्या तारखेचं सांगितलं. ते थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पान मलाही उलटता आलं असतं."

संध्याकाळी ब्रेक ऑईल काढलं तर रंग कोऱ्या चहाचा. नवीन भरलं, एअर काढली, पेडल दगडासारखं. रविवारी मुलीनं चालवावी असं मेकॅनिकचं म्हणणं, तिची एंट्री होती आणि गाडीची तांत्रिक तपासणी परत झाली तर क्लबचीही ना नव्हती. तिनं नाही म्हटलं. म्हणाली आज सकाळीपण सगळ्यांनी चेक केली होती ना, तीच माणसं, तीच लिस्ट. मला ते झोंबलं, पण उत्तर नव्हतं.

कॉर्व्हेटवाल्यानं कोपऱ्याला टेप मारली आणि रविवारी पळाला. खर्च देतो म्हटलं तर नको म्हणाला, इथं रिवाज असा की आपापली गाडी ज्यानं त्यानं नीट करायची. त्याचा तो कोपरा म्हणे याआधी चारदा दुरुस्त झालाय.

निकाल

आमचा फेंडर मूळचा. नवीन रिप्रोडक्शन पत्रा स्वस्तात मिळतो, दोन दिवसांत बसतो. मालकांनी जुनाच ठोकून सरळ करून घेतला, हातोडी आणि डॉलीनं, आत पुटी न भरता, नव्याच्या तिप्पट पैसे मोजून. बदली ब्लॉक मात्र उत्तम चाललाय, गाडीत तोच आहे. विमा कंपनीकडून छदाम नाही, कारण क्लासिक गाड्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो आम्ही घेतला नव्हता. हे आधीपासून माहीत होतं, तक्रार नाही.

प्रोबेशनच्या काळातही मालकांना चालवायला मुभा होती. त्यांनी दोनदाच चालवली, बाकी सगळे वीकेंड मुलीनं.

परत करायचं झालं तर

इंजिनाचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. मेकॅनिकला वाटत नाही, तो अजून नव्या जाड ब्लॉकचं तुणतुणं वाजवतो. पण तो निर्णय तीन दिवसांत व्हायला पाहिजे होता. बारा दिवस घातल्यामुळं ट्रॅक टेस्ट झाली ती इंजिन बसवण्याची, गाडीची झालीच नाही. ५,५०० वर चालवलेल्या गाडीचे ब्रेक कधी तापणारच नव्हते, म्हणजे सोनोमाला आम्ही नेमकी तीच गोष्ट तपासायची राहू दिली जी लागुनाला लागणार होती. आता दोन दिवस वेगळे ठेवतो, एक इंजिनसाठी, एक पूर्ण वेगात.

चेकलिस्ट मी फाडून नवीन केली. आधी गाडी थांबण्याचं, मग वळण्याचं, पळण्याचं सगळ्यात शेवटी. ब्रेक ऑईल प्रत्येक वीकेंडच्या आधी बदलतो आणि बाटली फोडल्याची तारीख झाकणावर लिहितो, टिक करायची जागाच ठेवली नाही, तारीखच लिहावी लागते. पुढच्या डिस्कला हवा जायला पाइप बसवले, ते साठच्या दशकातल्या फोटोंतही दिसतात, त्यामुळं मालकांची हरकत नव्हती. आणि पेडल मऊ लागलं की त्याच लॅपला आत यायचं, चर्चा नाही.

जे अजून जमलं नाही ते म्हणजे कोण चालवणार हा विषय रेसच्या आधी, सगळ्यांसमोर, नीट बसून बोलणं. मुलीनं काढला होता, आम्ही तिला एकटं पाडलं. ब्रेक उकळायचा तो कुणाच्याही पायाखाली उकळलाच असता, पण तिसऱ्या लॅपला ती आत आली असती असं तिला वाटतं, आणि मालकांनाही वाटतं, फक्त दोघं एकमेकांना सांगत नाहीत, मला वेगवेगळं सांगतात.

मूळ ब्लॉक वर्कबेंचखाली ऑईलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. स्लीव्ह टाकायचं एक कोटेशन आलंय, मालकांनी ते फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलंय, सहा महिने झाले. परवा गेलो तर शेजारी मुलीनं दुसऱ्या मशीन शॉपचं कोटेशन लावलेलं होतं, पहिल्यापेक्षा महाग.